समास

म्वालिमू न्यांग्वेसो म्हणाले, वह्या बदला.
शेजारच्याचं वाचा. पेन नको, पेन्सिल घ्या.
बाहेर तळ्याच्या काठी, पसरलेल्या जाळ्यांवर
ओमेना वाळत पडली होती,
बोटभर लांब, चांदीची,
आणि तिचा वास वर्गात आमच्याआधी येऊन बसलेला.

मी ओकिन्यीची वही ओढली.
काय ते अक्षर! मुंगळा शाईत बुडवून सोडल्यासारखं.
'तळं' एकदा तरी धड लिहिलं असेल तर शपथ.
मी वर्गात पहिली. हाताला खाज सुटली.
पेन्सिल ठेवून दिली, लाल पेन काढलं
आणि एकेक चूक वेचली,
तांदळातले खडे वेचावेत तशी.
सदतीस.
खाली ठळक आकडा मांडला.
त्यानं लिहिलं काय होतं,
ते तेव्हा विचारलं असतंत
तर मला सांगता आलं नसतं.

माझी वही परत आली.
दोन पानं. देखणी. कुठे खाडाखोड नाही.
माझा भाऊ ओचोला, रात्रीच्या ओमेनाला गेलेला,
वारा, लाट, रिकामी परतलेली होडी,
आईचा हंबरडा, आणि शेवटी 'देवाची इच्छा'.
समासात, अगदी कडेला,
लाजल्यासारखे पुसट दोन शब्द:
"दिवा कुठाय?"

डोकं फिरलं माझं.
इथे माणूस बुडाला, आणि हा दिवा विचारतो!

पण ओकिन्यी कोळ्याचा पोर.
ओमेनाला दिव्याशिवाय कुणी जात नाही.
काळोखात पाण्यावर दिवा तरंगता सोडायचा,
मासळी उजेडाला भुलते, मग जाळं.
रात्री काठावरून पाहिलं
तर तळ्यात एक गाव वसलेलं दिसतं.

आमच्या दिव्यात रॉकेल भरायचं काम माझं होतं.
त्या संध्याकाळी मी गणितं सोडवत होते.
"भरलंस ना?" ओचोलानं दारातून विचारलं.
मान वर न करता मी म्हटलं, हो.

हे त्या दोन पानांत नव्हतं.
हे आईलाही ठाऊक नव्हतं.
कदाचित लाटेनंच नेलं असेल त्याला.
कदाचित.
पण इतकं शुद्ध लिहिलं होतं मी
की त्यात मीच नव्हते.

रात्री नवं पान उघडलं.
"मी हो म्हटलं", एवढंच लिहिलं.
खोडलं. लिहिलं. पुन्हा खोडलं.
कागद भोक पडेस्तोवर.

दुसऱ्या दिवशी ओकिन्यीनं वही आणली नाही.
तिसऱ्या दिवशीही, "विसरलो".
सदतीस लाल माणसं अंगणात घुसल्यावर
दार कोण उघडेल?
मग मीच माझं भोकाचं पान
बाकावरून त्याच्याकडे सरकवलं.
त्यानं वाचलं. ओठ हलवत, सावकाश,
आणि शेवटी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.
'छान' म्हणाला नाही.
एका ओळीवर बोट ठेवलं फक्त:
"इथे थांब ना जरा. पळतेस."

दप्तरातून गुंडाळलेली वही काढली.
होतीच की, रोज.

तेव्हा कुठे मी वाचलं.
एक गाढव होतं त्यात, कर्जापायी विकलेलं,
जे रोज संध्याकाळी दोरी तोडून
जुन्या दारात येऊन उभं राहायचं.
माझ्या लाल शाईत
ते गुडघ्यापर्यंत रुतलं होतं.

मी पेन्सिलीला टोक केलं.
बराच वेळ केलं.
मग समासात, अगदी कडेला, लिहिलं:
"तुम्ही दार उघडायचात का?"

त्यानं वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
हात तेवढा पुढे केला,
पेन्सिलीसाठी.